लय कुणाची ऐकायची?

आळंदीहून निघालेली माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य नवमीला विश्रांतवाडी ओलांडून येरवड्यातल्या फुलेनगरात येते, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभा राहून मी दरवर्षी एक उद्योग करतो. डोळे मिटायचे आणि नुसते ऐकायचे. एक दिंडी नुकतीच पुढे गेलेली असते, दुसरी येत असते. दोघींमध्ये फार तर वीस-पंचवीस फूट मोकळा रस्ता. पुढचीने नामगजराची द्रुत लय धरलेली, मागची अजून ठाय लयीत अभंगाचा एखादा चरण घोळवत असलेली. मधे उभ्या असलेल्या माझ्या कानात दोन्ही ठेक्यांची खिचडी होते. डोळे उघडून बघावे, तर मागच्या दिंडीतला पहिला टाळकरी अगदी निवांत असतो. खिचडी त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसते.

पालखीच्या रथापुढे अशा सत्तावीस दिंड्या, आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त. प्रत्येकीची लय वेगळी. शेजारणीच्या लयीत कोणी ओढले जात नाही, आणि स्वतःच्या दिंडीतून कोणी सुटत नाही. हे जमते कसे?

‘मनात मात्रा मोजायच्या’ हे उत्तर शाळेत मिळते. ते चूक नाही, पण समूहात ते फारसे उपयोगी पडत नाही, हे मला येरवड्याच्याच एका भजनी मंडळात टाळ वाजवताना कळले. एकदा गौळण चालली असताना सगळ्यांची लय चढू लागली. मी मात्र मुद्दाम मूळ लयीवर ठाम राहिलो. गौळण कोसळली. बुवांनी टाळ खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “तुमचं बरोबर होतं. पण तुम्ही एकटेच बरोबर होतात.” त्या वाक्यापासून हा सगळा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून आहे. एकट्याची लय घड्याळाशी ताडून बघता येते. दहा जणांची लय मात्र त्या दहांतच ठरते, आणि खरा प्रश्न मोजण्याचा नसून ऐकण्याचा असतो: कुणाचे ऐकायचे आणि कुणाचे ऐकायचे नाही.

या प्रश्नातली पहिली अडचण निव्वळ हवेची आहे. आवाज सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर जातो. ऐकायला भरपूर वाटते, पण पस्तीस मीटर लांब रांग धरा: पुढच्या टोकाचा ठोका मागच्या टोकाला सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतका उशिरा पोचतो. नदीपलीकडे खडकीत बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे, म्हणून उदाहरण कवायतीचेच घेऊ. मिनिटाला सुमारे १२० पावले, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक पाऊल. बँड रांगेच्या डोक्याशी असेल, तर सुमारे १७० मीटर मागचा शिपाई बिग ड्रमचा ठोका बरोब्बर एक पाऊल उशिरा ऐकतो. पुढचे डावा पाय टाकतात तेव्हा तो प्रामाणिकपणे उजवा टाकतो. चूक कोणाचीच नसते. लांबलचक संचलनात मागच्यांना समोरच्याच्या पायाकडे बघून चालायला लागते ते यासाठी. डोळ्याला उशीर होत नाही.

पुण्याच्या ढोल-ताशा पथकांपुढे हीच अडचण अधिक बिकट रूपात उभी राहते. पूर्वी गणपतीत शहरात वाजायला मुळशी-मावळातल्या गावांची पथके येत. शहरातल्या शाळकरी मुलांच्या कमरेला ढोल बांधला तो ज्ञान प्रबोधिनीच्या अप्पा पेंडसे यांनी, आणि पुढे त्यातून आजची शेकडो वादकांची पथके उभी राहिली. ढोलाचे काम तुलनेने सोपे: एका पानावर टिपरू, दुसऱ्यावर थापी. अवघड काम ताशाचे. दोन बारीक काड्यांनी अखंड तर्री चालू ठेवायची, आणि त्या तर्रीतूनच पुढचा हात कोणता, उठाव कधी, थांबायचे कधी, हे सांगायचे. पथक ढोलांचे म्हणून ओळखले जाते, पण ते चालते ताशावर. कारण साधे आहे. ढोलाचा घुमारा पसरट असतो, त्याचा आरंभबिंदू कानाला नीट सापडत नाही. ताशाचा आवाज कोरडा आणि टोकदार. गर्दीतून सुईसारखा निघतो. म्हणून बहुतेक पथके ताशे मधल्या ओळीत आणि ढोल दोन्ही बाजूंना ठेवतात. ताशा मधे आला की सर्वांत लांबच्या ढोलाचे अंतर निम्मे होते, आणि उशीरही निम्मा. ही भौतिकशास्त्राची आकडेमोड कोणी कागदावर केली असेल असे वाटत नाही. पायांनी केली.

तरीही पथक वाढत गेले की मागच्या ओळी घसरतातच. तर्रीत सेकंदाला दहाएक घाव पडत असतील, तर पस्तीस मीटर मागच्याला ती पूर्ण एक घाव मागे ऐकू येते. मग मागच्या ओळींसाठी आणखी एखादा ताशा उभा करावा लागतो, म्हणजे आता दोन ताशांनी एकमेकांना सांभाळायचे. २०२४ च्या गणेशोत्सवाआधी राष्ट्रीय हरित लवादाने आवाजाच्या कारणावरून पथकातल्या वादकांची संख्या तीसवर आणली होती. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि पुण्याने सुटकेचा निःश्वास टाकला. मी कोर्टाच्या बाजूने की लवादाच्या, हे बाजूला ठेवतो. पण वाजवणाऱ्याच्या कानाने पाहिले, तर तीस ही वाईट संख्या नाही. तीस जणांत प्रत्येकाला ताशा खरोखर ऐकू येतो. दोनशे जणांत बहुतेकांना शेजारचा ढोल ऐकू येतो, शेजाऱ्याला त्याचा शेजारी, आणि ताशाची फक्त वार्ता येते.

अंतराइतकीच दुसरी, आणि माझ्या मते जास्त रंजक अडचण म्हणजे लय पळणे. भजन असो, पथक असो, लग्नातला बँड असो, जमाव एकत्र वाजवू लागला की लय चढते, क्वचितच उतरते. आपण याला उत्साह म्हणतो आणि विषय सोडून देतो. पण कॅनडातल्या संशोधकांनी २०१८ साली माणसांना गटागटाने एका लयीत टाळ्या वाजवायला लावल्या, तेव्हा गट जितका मोठा तितकी लय जास्त पळाली. त्यांनी दिलेले कारण वाचून मी ओशाळलो, इतके ते आमच्या मंडळाला लागू होते. आपण मागे पडलो असे वाटले की माणूस लगेच घाई करून गाठतो. आपण पुढे गेलो असे वाटले तर तितक्या तत्परतेने थांबत नाही. गटात कोणीतरी सदैव चुकून थोडे पुढे असतेच. त्याला मागे आणण्याऐवजी सगळे त्याला गाठायला धावतात, आणि तोवर दुसरे कोणी तसेच पुढे गेलेले असते.

अशा वेळी आमचे पखवाजवाले एक गोष्ट करतात. लय पळू लागली की नवखा पखवाजी जोर वाढवतो, आपला ठेका सगळ्यांच्या डोक्यावर आपटतो. आमचे गृहस्थ उलट करतात. आवाज कमी करतात. कणीक लावलेल्या डाव्या पुडीवरचा नुसता खर्ज ठेवतात आणि उजव्या बाजूची बोटांची नक्षी काढून टाकतात. मग टाळकऱ्यांना तो ऐकायचा तर आपला टाळ हलका करावाच लागतो. टाळ हलके झाले की घाईही ओसरते. मी त्यांना एकदा विचारले, हे कुठे शिकलात? “शिकलो कुठं? हात दुखत होता त्या दिवशी,” म्हणाले.

मोठा आवाज आणि धावती लय यांचे नाते हंगेरी-रुमानियातल्या नाट्यगृहांतही दिसले आहे. प्रयोग संपल्यावर तिथले प्रेक्षक आधी विस्कळीत कडकडाट करतात, मग आपोआप एका ठेक्यात टाळ्या वाजवू लागतात, मग पुन्हा विस्कटतात. हे कसे होते यावरचा निबंध २००० साली ‘नेचर’मध्ये आला. एका ठेक्यात यायचे तर प्रत्येकाला आपला टाळीचा वेग जवळजवळ निम्म्यावर आणावा लागतो. वेग निम्मा झाला की एकूण आवाज कमी होतो. लोकांना तर कौतुक जोरात दाखवायचे असते, म्हणून ते वेग वाढवतात, आणि वेग वाढला की ठेका फुटतो. जोर आणि मेळ, दोन्ही एकदम मिळत नाहीत. विसर्जन मिरवणुकीत अलका चौक जवळ आला की काही पथकांचे नेमके हेच होते.

संगीतशास्त्राने या प्रश्नाकडे कसे पाहिले, तेही पाहू. आपल्याकडे तालाचा विचार फार जुना, आणि त्यातला एक मोठा ग्रंथ आपल्याच भूमीतला आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’चे सात अध्याय आहेत, त्यातला पाचवा संपूर्ण तालावर. त्यात १२० देशी ताल आहेत. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे: भरतापासून चालत आलेल्या या विचारात ताल ही मुळात हाताची क्रिया आहे, काही सशब्द, काही निःशब्द. टाळी ऐकू येते, खाली गेलेला हात नुसता दिसतो. म्हणजे समूहाला ताल दाखवायचा तर कान आणि डोळे दोन्ही लागतात, हे तेव्हाच गृहीत धरलेले होते. आजही तबल्याच्या शिकवणीत पढंत असते: हाताने ताल धरून तोंडाने बोल म्हणायचे. सुरेश तळवलकरांसारख्या गुरूंनी तिला केवढे महत्त्व दिले आहे, हे त्यांच्या शिष्यांच्या मैफली ऐकणाऱ्यांना सांगायला नको. पढंत करताना लय शरीरात येते आणि, मुख्य म्हणजे, समोरच्याला दिसते.

ख्यालगायनात मात्र एकत्र राहण्याची कल्पनाच वेगळी आहे. तिथे दर ठोक्याला एकत्र असण्याचा आग्रह नाही. विलंबित एकतालाचे बारा मात्रांचे एक आवर्तन पाऊण मिनिट चालू शकते. त्यात गायक कुठेही भटकतो, तबलजी ठेका भरत राहतो, आणि दोघे समेवर भेटतात. मधल्या काळात थोडे मागेपुढे असणे हा दोष नसून रंग आहे. ‘सम’ ही कल्पना मला समूहवादनातली सर्वांत उदार सोय वाटते. रोज जेवायला एकत्र यायचे, बाकी दिवसभर ज्याचे त्याने पाहावे, असे एकत्र कुटुंब. पण हे परवडते ते तिघाचौघांना. अहमदजान थिरकवांसारखा तबलानवाज गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना साथ करायचा, तेव्हा नट रंगमंचावर वावरत असायचा आणि साथीदार एका जागी बसलेले. तिथे ही उदारता किती ताणता येते ते प्रत्येक रात्री ठरत असणार. पन्नास जणांच्या वाद्यवृंदात तिला जागा नाही. आकाशवाणीने १९५२ साली रविशंकरांच्या नेतृत्वाखाली वाद्यवृंद उभारला, तेव्हा समोर उभे राहून हात हलवणाऱ्याकडे बघत वाजवणे ही आपल्या वादकांना नवी सवय होती.

पाश्चात्त्यांकडे हात हलवणाऱ्याची परंपरा जुनी, आणि तिचा पहिला हुतात्माही प्रसिद्ध आहे. फ्रान्सच्या राजदरबारातला संगीतकार ल्युली जमिनीवर जड काठी आपटून लय देत असे. १६८७ साली ती त्याच्या पायावर बसली, जखम चिघळली आणि तो गेला. पुढे १८१५ मध्ये मेल्त्सेलने मेट्रोनोमचे पेटंट घेतले आणि लयीचे घड्याळ झाले. त्याचे आजचे रूप म्हणजे स्टुडिओत कानात वाजणारा क्लिक. मुंबईच्या सिनेसंगीतात एके काळी साठ-सत्तर वादक एका हॉलमध्ये बसत. त्यात गोव्याच्या चर्चशाळांतून नोटेशन शिकून आलेले व्हायोलिनवाले मोठ्या संख्येने असत. सेबॅस्टियन डिसूझांसारखा संयोजक स्वरलेखन करून देई, आणि एकाने चूक केली की सगळ्यांना पुन्हा वाजवावे लागे. आता ढोलकीवाला सोमवारी येतो, बासरीवाला गुरुवारी, दोघे क्लिकवर वाजवून जातात आणि एकमेकांना भेटतही नाहीत. लय पळण्याचा प्रश्न सुटला. कुणाचे ऐकायचे, हा प्रश्नही उरला नाही. मला त्या गाण्यांत काहीतरी कमी वाटते. पण ते वयाचे असेल.

कमी नेमके काय आहे, याचा थोडा अंदाज मोजमापांवरून येतो. हॉलंडमधल्या रुडॉल्फ राश यांनी १९७९ मध्ये दाखवले, की उत्तम चेंबर मंडळीही ‘एकदम’ वाजवलेल्या स्वरात सेकंदाच्या तीस ते पन्नास सहस्रांशांइतकी मागेपुढे असतात. आणि ही तफावत स्थिर नसते, सतत दुरुस्त होत असते. २०१४ मध्ये दोन स्ट्रिंग क्वार्टेटची तुलना प्रसिद्ध झाली. एकात पहिल्या व्हायोलिनवादिकेला बाकीचे तिघे सांभाळून घेत होते, ती मात्र त्यांच्याकडे फारशी झुकत नव्हती. दुसऱ्यात चौघेही जवळजवळ सारखेच एकमेकांकडे झुकत होते. दोन्ही क्वार्टेट उत्तम. म्हणजे पुढारी असलाच पाहिजे असे नाही, पण कोण कोणाकडे किती झुकतो याचा एक न बोललेला करार प्रत्येक समूहात असतो. माझ्या गौळणीच्या दिवशी तो करार मी मोडला होता.

अंतराचाही करार असतो, हे स्टॅनफर्डमधल्या ख्रिस चेफ यांच्या प्रयोगांत दिसते. दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकमेकांच्या आवाजावर टाळ्या वाजवायला लावल्या आणि मधला उशीर कमीजास्त केला. उशीर अगदी नगण्य असला तर लय पळते. जास्त असला तर ओढली जाते. मधे, सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास, ती जागेवर राहते. शंभरावा हिस्सा म्हणजे आवाजाचे साडेतीन मीटर, अकरा-बारा फूट. देवळाच्या सभामंडपात समोरासमोर बसलेल्या टाळकऱ्यांमध्ये साधारण एवढेच अंतर असते. यावरून मी कोणताही सिद्धांत मांडत नाही. फक्त सतरंजी अंथरताना आता ते अंतर मला दिसते.

२०२० च्या टाळेबंदीत तर ते न मोजताच कळले. एकादशीला आम्ही मोबाइलवर झूम लावून भजनाला बसलो. प्रत्येकाच्या घरी पखवाज अर्ध्या-पाव सेकंदाने उशिरा पोचत होता, आणि प्रत्येकाचा टाळ तितक्याच उशिराने परत जात होता. दोन अभंगांतच लय इतकी रेंगाळली की बुवा हसायला लागले. शेवटी एकाने वाजवायचे आणि बाकीच्यांनी आवाज बंद करून घरी साथ द्यायची, असे ठरले. पखवाजाच्या आवाजावर सगळ्यांनी टाळ वाजवले, पण कोणाचा टाळ कोणी ऐकला नाही.

येरवड्याचे नाव तुरुंगाशिवाय पुरे होत नाही, आणि गांधींशिवाय या तुरुंगाचे. गांधी म्हटले की सामूहिक प्रार्थना आली. पलुसकरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे साबरमती आश्रमाचे संगीतगुरू. आश्रमाची भजनावली त्यांनी संकलित केली आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते सोबत होते. सभेतल्या हजारो लोकांना एका सुरात, एका तालात म्हणता यावे असा गांधींचा आग्रह असे, आणि रामधून टाळीच्या ठेक्यावर चाले. गाता न येणाऱ्याला टाळी येतेच. हजारोंच्या सभेत मागच्यांची टाळी पुढच्यांच्या मागून पोचणारच. पण ठेका इतका सुटसुटीत आणि लय इतकी मध्यम, की तेवढा उशीर पोटात घेता येतो. येरवड्याजवळच्या आगाखान पॅलेसमध्ये, गांधींच्या १९४२ ते १९४४ च्या स्थानबद्धतेत, प्रार्थनेला मोजकीच माणसे असायची. तिथे अंतराचा प्रश्न नव्हता.

आता पुन्हा फुलेनगर. टाळकऱ्याच्या कानापासून स्वतःचा टाळ हातभर, शेजाऱ्याचा दोन-तीन फूट, पखवाज दहा-बारा फूट. मागची किंवा पुढची दिंडी त्यामानाने लांब, म्हणून तिचा आवाज या जवळच्या आवाजांखाली दबतो. शिवाय त्याचे डोळे विणेकऱ्यावर आणि पखवाज्याच्या हातावर असतात. आणि दिंडीतल्या टाळकऱ्यांचा घोळका लांबलचक नसतो. टोकापासून टोकापर्यंत पंधराएक मीटर धरले, तर सेकंदाचा पंचविसावा हिस्सा, राश यांच्या चेंबर मंडळींच्या तफावतीएवढाच. वारीचा समूह मोठा होतो तो एकाच दिंडीने नव्हे, अनेक दिंड्यांनी. खिचडी फक्त माझ्या कानात होती, कारण मी कोणत्याच दिंडीत नव्हतो.

पण याच दिंड्यांना रोज संध्याकाळी एकदा सर्वांनी मिळून एकत्र यावे लागते. मुक्कामाच्या तळावर समाज आरतीसाठी पालखीभोवती सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात; टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ असतो. चोपदार चोप उंच धरतो, आणि क्षणात हजारो टाळ थांबतात. आवाज तितक्या लांब एकदम पोचणे शक्य नसते, म्हणून इशारा डोळ्यांसाठी असतो. एखाद्या दिंडीला दिवसभरात काही तक्रार असली, वाटेत अन्याय झाला असला, तर ती दिंडी तेव्हा थांबत नाही. सगळा तळ गप्प, आणि एका बाजूने तिचेच टाळ चालू. चोपदार आवाजाच्या दिशेने चालत जातो, त्या दिंडीपाशी उभा राहतो आणि विचारतो, काय झाले?